विषय: गाडीवाल्यांचं जेवण – एक तिकीट शिल्लक

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या मॉरिस मायनरवाल्यांच्या क्लबाला पन्नास वर्षं झाली, त्याचं जेवण येत्या शनिवारी ऑक्सफर्डजवळ आहे. हिचं तिकीट काढलं होतं, पण ती लेकीकडे लीड्सला चालली आहे. तिकीट वाया जाऊ नये. कोणी येतंय का? माझ्याच गाडीतून जाऊ. हीटर नावापुरता आहे, आधीच सांगून ठेवतो.

– मॉरिसवाले काका

------

काका, मी येते! गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, चालेल ना? पैठणी नेसली तर? आणि शाकाहारी मिळतं का?

– रेडिंगहून, नवीन सभासद

------

पैठणी जरूर नेस, वरून जाड कोट घाल. शाकाहारी कळवलंय, म्हणजे नट रोस्ट, दाण्यांची भाजलेली वडी, येणार. निघताना दोन घास खाऊन नीघ.

– काका

------

मंडळी, जाऊन आले. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून लिहिते.

नट रोस्टबद्दल काका खरं बोलले होते. जेवणानंतर सगळे उठून राजाच्या नावाने ग्लास उंचावतात. मी पाण्याचा उंचावला. भाषणं लांबली. पण खरी मजा पार्किंगमध्ये. तिथे चाळीसेक मायनर उभ्या. ट्रॅव्हलर नावाच्या प्रकाराला मागे खऱ्या लाकडाची चौकट असते, एकीच्या खाचेत चक्क शेवाळ धरलं होतं. मालकीणबाई ते टूथब्रशने काढत होत्या, पार्टीच्या कपड्यांत!

आमच्या टेबलावरच्या एका आजोबांनी माझा हात धरून काकांच्या बॉनेटवरून फिरवला. मधोमध एक सपाट पट्टी लागते. गाडी 1948 ला बाजारात आली, पण त्याआधी इसिगोनिस या तिच्या डिझायनरला ती अरुंद वाटायला लागली. त्याने नमुन्याची गाडी मधोमध कापायला लावली, दोन भाग लांब सरकवत नेले आणि चार इंचांवर थांबला. ब्लाउज अंगाला घट्ट झाला की मध्ये जोड लावतो ना, तसं! बंपर आधीच बनून पडले होते, म्हणून तेही कापून मध्ये तुकडा घातला. अशी ठिगळ लावलेली गाडी पुढे सोळा लाखांवर खपली.

मी भारतातली म्हटल्यावर आजोबा खूश. अँबॅसिडर म्हणजे इथल्या काउलीच्या कारखान्यातली मॉरिस ऑक्सफर्ड, हे त्यांना पाठ. ती बंगालमधल्या उत्तरपाड्यात 2014 पर्यंत निघत होती हे मी सांगितलं, तर त्यांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. पैज लागली होती म्हणे.

निघताना एकीची बॅटरी बसली. सगळ्यांनी गाडी फिरवून सुरू करायची आपापली हँडलं काढली. काकांच्या डिकीतही फडक्यात गुंडाळलेलं एक होतं, ते मी उत्साहाने नेऊन दिलं. बसेना! चार जणांनी खटपट केली. काका मात्र लांब उभे राहून नुसते हसत होते. असं का, काका?

रॅफलमध्ये मला ग्रीसचा डबा लागला.

------

अहो, ते हँडल मी पाहिलंय. फियाटचं आहे, मायनरला कसं बसेल? आणि मुंबईवाल्यांनो, इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ. आपली शेवटची पद्मिनी, म्हणजे फियाटच, टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, वीस वर्षं भरली आणि 2023 मध्ये बाद.

– कुर्ल्याचा, सध्या स्लाउ

------

कुर्लेकर, बरोबर. पण पद्मिनीचं नव्हे, तिच्या आधीच्या डुक्कर फियाटचं. पुढची दारं उलटी उघडायची ती. पदर दारात अडकला म्हणून आई दर फेरीला वडिलांना बोलायची.

1979 ला वडिलांनी ती विकली. घेणारा साताऱ्याचा होता, जॅक-पान्यांसकट सगळं मोजून घेतलं त्याने आणि हँडल मागितलं. वडील म्हणाले, सापडत नाही. माळ्यावर होतं. मला दिसत होतं, मी गप्प बसलो. त्यांच्यामागे घर आवरताना हाती लागलं ते सामानात घालून इकडे आणलं. विमानतळावर त्याचं काय म्हणून सांगितलं ते विचारू नका.

मुली, चूक तुझी नाही, मीच आधी सांगायला हवं होतं. पण चार गोरे घाम गाळत होते, ते बघायला बरं वाटत होतं.

तुझा ग्रीसचा डबा माझ्याच गाडीत राहिलाय. दिवाळीच्या कार्यक्रमाला आणतो. नको असेल तर मला लागेल.

– काका