प्रिंट नंतर, आधी ड्रेसच्या पाठीची शिरिंग (ताणणाऱ्या इलॅस्टिकच्या चुण्या) बघा

वरती कुणीतरी म्हटलंय की अँजेलिक प्रिटी या जपानी लोलिटा-फॅशन ब्रँडचं नवीन काहीही आलं तरी तेच केक, तेच बो. अहो स्वीट लोलिटात, म्हणजे या फॅशनच्या गोडगोड, झालरीवाल्या प्रकारात केक-बो नकोत तर काय पाहिजे! त्यांनी शुगरी कार्निव्हल नावाचं प्रिंट परत काढलं ते बरंच झालं, सेकंडहँडवाले अव्वाच्या सव्वा भाव लावत होते. माझी कुरकुर वेगळीये, हल्ली बरीच प्रिंटं पॉलिएस्टरवर येतात, रंग झक्क दिसतो पण टोकियोच्या दमट उन्हाळ्यात आत पेटिकोट, ब्लूमर्स (झालरीची आखूड चड्डी) आणि वर हे पॉलिएस्टर, म्हणजे भट्टीच. जेएसके (जंपर स्कर्ट, ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा ड्रेस) घेताना पाठीला शिरिंग आहे का तेवढं बघा, नाहीतर फ्री साइज नुसतं नावाला. मला तरी ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ या दुसऱ्या लोलिटा ब्रँडचे एकरंगी पीस जास्त आवडतात, कुठल्याही ब्लाउजवर चालून जातात.