ब्रिजच्या मागे फट पडली आहे: नुसता गोंद सोडून चालेल का?

प्रश्न
नमस्कार. माझ्या पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारचा ब्रिज (तारा जिथे अडकतात ती, वरच्या फळीला चिकटवलेली लाकडी पट्टी) मागच्या कडेने सुटू लागला असून कागदाची कड त्या फटीत सहज आत सरकते. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड तारेची उंची 4 मिलिमीटर, म्हणजे जास्तच, भरते. फटीत सुपरग्लू सोडून, तारा खाली याव्यात म्हणून सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पातळ पट्टी) घासावे, असा विचार आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर १
कृपया दोन्ही कामे थांबवा आणि आधी तारा सैल करा, कारण सहा तारा मिळून सुमारे 70 किलोचा ताण त्या एका जोडावर असतो. फटीत सोडलेला सुपरग्लू जुन्या गोंदाच्या थरावरच बसतो, लाकडापर्यंत पोहोचत नाही. शिवाय पुढे ब्रिज काढायची वेळ आली की त्याच्याबरोबर साउंडबोर्डचे (गिटारच्या वरच्या फळीचे) तंतूही उपटून येतात.

ब्रिज पूर्ण काढूनच बसवावा. सॅडल आणि त्याखालचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारे उपकरण) असल्यास काढून ठेवा, ब्रिजला हळूहळू ऊब द्या आणि पातळ, बोथट पाते कडेने आत सरकवा. पाते अडले तर जोर न लावता पुन्हा ऊब द्यावी. ब्रिज निघाल्यावर खालची जागा नीट पाहा: अनेक गिटारींत ब्रिजच्या कडेखाली पॉलिशची पट्टी राहिलेली असते, आणि पॉलिशवर गोंद धरत नाही. माझ्या मते बहुतेक ब्रिज याच कारणाने सुटतात. दोन्ही पृष्ठभाग कोऱ्या लाकडापर्यंत स्वच्छ करा, गोंद न लावता ब्रिज बसवून कुठूनही उजेड दिसत नाही याची खात्री करा, आणि मगच लाकडाचा गोंद लावून क्लॅम्प आवळा. तारा चढवण्याआधी निदान 24 तास जाऊ द्या.

उत्तर २
सॅडलबाबत एवढेच सांगतो की बाराव्या फ्रेटवर तार 1 मिलिमीटर उतरवायला सॅडल 2 मिलिमीटर घासावे लागते, आणि घासलेले परत येत नाही. ब्रिज पक्का झाल्यावर, तारा सुरात असताना, फ्रेटवर सरळ पट्टी ठेवून पाहा. तिचे टोक ब्रिजच्या माथ्याच्या बरेच खाली येत असेल, तर दोष मानेच्या कोनात आहे. तो सॅडल घासून किंवा ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) फिरवून जाणार नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. तारा उतरवून आरशाने आत पाहिले. ब्रिजखालची आतली पट्टी शाबूत आहे, पण तिच्याजवळच्या एका ब्रेसवर (साउंडबोर्डला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्टीवर) टिचकी मारली की खरखर ऐकू येते.

उत्तर १
मग तो ब्रेस आधी चिकटवा. तो सुटल्यामुळे साउंडबोर्ड फुगला असण्याची शक्यता आहे, आणि फुगलेल्या फळीला जुळवून बसवलेला ब्रिज ती सपाट झाल्यावर पुन्हा कडेने उचलला जाईल.