शब्दचर्चा : ड्राफ्ट, ट्रेड आणि पिकला मराठीत काय म्हणावं?

सनीवेलहून :
आमचा इथला सगळा मराठी कंपू सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या संघाचा. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये संघात जी उलथापालथ झाली, तिच्यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत. वाद मराठीतच होतात, पण नेमका मुद्दा आला की दर वाक्यात ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीनं करायची नव्या खेळाडूंची निवड), ट्रेड (संघांमधली देवघेव), पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क), फ्री एजंट (करार संपलेला खेळाडू). क्वार्टरबॅक, टचडाउन हे मैदानातले शब्द आहेत, ते तसेच राहू देत. बाकीचे शब्द मात्र देण्याघेण्याचे आहेत, आणि देण्याघेण्याच्या शब्दांची मराठीत कधीच वानवा नव्हती. तेव्हा सुचवा. फक्त 'मसुदा' आणि 'व्यापार' नकोत. 'मसुद्यात निवडलेला खेळाडू' वाचलं की डोळ्यांपुढे सरकारी कागद येतो.

पुण्याहून :
'मसुदा' टाळा हे अगदी बरोबर. हा ड्राफ्ट लष्करभरतीच्या ड्राफ्टच्या जवळचा आहे : नाव पुकारलं की जायचं, कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही. आयपीएलमुळे 'लिलाव' आपल्या तोंडात बसलाय, पण तोही इथे चालणार नाही. लिलावात ज्याची थैली मोठी त्याची बोली मोठी. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते, फक्त क्रम असतो, आणि तोही उलटा. मागच्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ सगळ्यात आधी निवडतो. फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांनी ही पद्धत सुचवली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, तो दुबळ्या संघांना चांगले खेळाडू मिळावेत म्हणूनच. तुमचे नाइनर्स २०२४ च्या मोसमात १७ पैकी ६ सामने जिंकले, म्हणून २०२५ मध्ये त्यांना ११ वा क्रमांक मिळाला. सात फेऱ्या असतात, तेव्हा माझा शब्द 'निवडफेरी'.

कोल्हापूरहून :
आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी. पण शब्द शोधायला तुमचाच खेळ कशाला पाहिजे? पुणेकर, 'निवडफेरी' बरा आहे, पण कागदावरचा वाटतो. पोरं मैदानात उतरली की दोन कप्तान पुढं येतात आणि एक तू घे, एक मी घेतो असं करत गडी वाटून घेतात. मग 'गडीवाटणी' म्हणा की. '२०२५ च्या गडीवाटणीत नाइनर्सनी पहिले पाचही गडी बचावाचे घेतले.' यात काय खटकतंय सांगा.
पिकला 'नंबर' म्हणा. 'कितव्या नंबरला घेतला?' हा प्रश्न इंग्रजीत सरळ विचारताच येत नाही. 'कितवा' आपल्याकडं आहे, त्यांच्याकडं नाही.

पुण्याहून :
'गडीवाटणी' मान्य. जाता जाता, 'पिक' ऱ्हस्वच लिहा. ट्रिक, क्लिक, क्लिप जसे लिहितो तसाच. दीर्घ लिहिलात तर शेतातलं पीक होईल.

डॅलसहून :
मी इथल्या काउबॉइज संघाचा, पण या चर्चेला नाइनर्सइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.
ट्रेडला 'अदलाबदल' म्हणावं. युरोपातल्या फुटबॉलमध्ये क्लब रोख पैसे मोजून खेळाडू आणतो, तिथे 'विकला', 'विकत घेतला' शोभतं. एनएफएलमध्ये खेळाडूच्या बदल्यात दुसरा खेळाडू द्यायचा, नाहीतर निवडीचा हक्क द्यायचा. 'साटंलोटं' खरं तर किती नेमका शब्द होता, पण वर्तमानपत्रांनी त्याला भ्रष्टाचाराचा वास लावून ठेवलाय.
कोल्हापूरकर, 'नंबर'ला मात्र माझी हरकत आहे. मार्च २०२१ मध्ये नाइनर्सनी मायामीच्या संघाकडून ३ रा नंबर घेतला आणि त्यावर ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला आणलं. बदल्यात आपला १२ वा नंबर दिला, शिवाय २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीचे हक्क आणि २०२२ च्या तिसऱ्या फेरीचा एक. यातला १२ वा ठीक, त्याला नंबर होता. २०२३ च्या हक्काला २०२१ मध्ये कुठला नंबर? संघ २०२२ चा मोसम कसा खेळतो यावर तो ठरणार. म्हणजे नंबर नसलेली गोष्ट या हातातून त्या हातात जाते, तिला 'नंबर' कसं म्हणणार? तो १२ वा नंबरसुद्धा मायामीकडून फिलाडेल्फियाकडे आणि तिथून आमच्याकडे आला. त्यावर आम्ही मायका पार्सन्स घेतला.

सांगलीहून :
डॅलसकरांना हवा आहे तो शब्द 'हुंडी'. उभी नोकरी बँकेत गेली, म्हणून खात्रीनं सांगतो. हुंडी म्हणजे पुढे कधीतरी रक्कम देण्याचा लेखी वायदा, आणि ती ज्याच्या हातात तिचा धनी तो. यंदाचा नंबर ही दर्शनी हुंडी, दाखवली की चुकती. पुढच्या सालचा हक्क ही मुदती हुंडी, आणि मुदतीला तिची किंमत किती भरेल हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

डॅलसहून :
काका, हा शब्द मी उचलला. तीच २०२३ ची हुंडी कुठे कुठे फिरली पाहा. मायामीनं ब्रॅडली चब या खेळाडूला आणताना ती डेन्व्हरला दिली. डेन्व्हरनं ती न्यू ऑर्लिन्सला दिली, तीही खेळाडूसाठी नाही, शॉन पेटन या प्रशिक्षकासाठी! शेवटी न्यू ऑर्लिन्सनं २९ व्या नंबरला ब्रायन ब्रेसीला घेतलं, तेव्हा ती वटली. 'पिक'मध्ये यातला फिरण्याचा भाग ऐकूच येत नाही. 'हुंडी'त येतो.

सांगलीहून :
आणि ज्याच्यासाठी एवढं दिलं तो लान्स?

डॅलसहून :
नाइनर्सकडून सुरुवातीपासून खेळायला मिळालेले सामने फक्त ४. २०२२ मध्ये दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही त्याला चौथ्या फेरीची एक हुंडी देऊन इकडे आणलं.

फ्रीमाँटहून :
नामांवर बरीच चर्चा झाली, पण आमच्या घरातली भांडणं क्रियापदांवर होतात. इंग्रजीत खेळाडू 'गमावला' म्हटलं की सगळं एका पोत्यात जातं. आपल्याकडे तीन वेगळी क्रियापदं आहेत : दिला, सोडला, गेला. डीबो सॅम्युएलला वॉशिंग्टनला दिला. जॅव्हॉन हारग्रेव्ह आणि लेनर्ड फ्लॉइड यांना करारातून सोडलं. ड्री ग्रीनलॉ आणि टालानोआ हुफांगा डेन्व्हरला, चार्व्हेरियस वॉर्ड इंडियानापोलिसला हे गेले, कारण त्यांचा करार संपला होता आणि ते मोकळे होते. म्हणून फ्री एजंटला 'मोकळा' पुरे. 'मुक्त खेळाडू' बातमीत लिहा, बोलताना कोणी म्हणत नाही. काइल यूशेकची तर आणखी वेगळी गत, त्याला सोडला आणि लगेच परत घेतला.
यात 'देऊन टाकला' आणि 'घालवला' आले की बोलणाऱ्याचं मतही आलं. आमचे हे डीबोबद्दल 'देऊन टाकला' म्हणतात, मी 'दिला' म्हणते, आणि त्यावर जेवण निवतं.
ब्रॉक पर्डीला तुम्ही काय म्हणता? ड्राफ्टमधल्या शेवटच्या खेळाडूला तिकडे 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणायची पद्धत १९७६ पासून आहे. पर्डी २०२२ मध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा.

कोल्हापूरहून :
ताई, 'कच्चं लिंबू'. खेळायला घ्यायचं, पण मोजायचं नाही.

फ्रीमाँटहून :
नाही हो, त्याला कच्चं लिंबू कसं म्हणू? डिसेंबर २०२२ मध्ये चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक गॅरोपोलो जखमी झाला, त्याच्या जागी हा मैदानात उतरला आणि पुढच्याच मोसमात संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. मे २०२५ मध्ये त्याच्याशी ५ वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला. माझा शब्द 'शेंडेफळ'. शेवटचं खरं, पण घरातलं, आणि त्याच्यावर घराचा जीव असतो.

पुण्याहून :
'शेंडेफळ' फार सुरेख. 'डेड मनी'चं, म्हणजे गेलेल्या खेळाडूच्या नावावर संघाच्या पगारमर्यादेत धरल्या जाणाऱ्या पैशाचं काय करायचं? 'बुडीत' म्हणावं का?

सांगलीहून :
बुडीत म्हणजे जे परत यायला हवं होतं आणि आलं नाही ते. इथे तसं नाही. खेळाडूला पैसे आधीच पोचलेले असतात, हिशेब मात्र करारातल्या वर्षांवर थोडा थोडा टाकलेला असतो. खेळाडू गेला की उरलेला हिशेब एकदम अंगावर येतो. आमच्या खातेवहीत याला 'मागील बाकी' म्हणतात.

सनीवेलहून :
काका, 'मागील बाकी'नं आमचा एक मोठा वाद सोपा केला. डीबोच्या बदल्यात फक्त पाचव्या फेरीची हुंडी मिळाली, १४७ वा नंबर, आणि त्यावर ओरेगनचा जॉर्डन जेम्स घेतला. एवढंच ऐकलं तर 'मातीमोल दिला' असंच वाटतं, त्यात त्याच्या नावावरची ३ कोटी डॉलरहून जास्त मागील बाकी २०२५ च्या हिशेबात आली. तरी मी 'दिला'च म्हणेन. त्यानं स्वतःच दुसरीकडे जाण्याची परवानगी मागितली होती, तिशीकडे झुकला होता आणि त्याचा २०२५ चा पगार वॉशिंग्टननं उचलला. दुसरा संघ याहून जास्त देईल अशी वाट पाहायला नाइनर्सकडे जागाच नव्हती.
गडीवाटणीबद्दलही ताईंच्या क्रियापदांनीच उत्तर दिलंय. गेलेले तिघे आणि सोडलेले दोघे, सगळे बचावातले. ११ व्या नंबरला पर्डीला सांभाळणारा धिप्पाड गडी घ्यायला हवा होता, जॉर्जियाचा मायकेल विल्यम्स नको होता असं आमच्यातले काही जण अजून म्हणतात. त्यांनी एवढं सांगावं की बचावाच्या फळीत एका टोकाला आमचा बॉसा असतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला उभं कोणाला करायचं होतं?