मदत हवी आहे : पिकअपचा गंजलेला हौदा घरीच दुरुस्त करायचा आहे

गाडी हर्णै बंदरावर मासळीच्या क्रेट वाहणारी. बर्फाचं खारं पाणी तळाच्या पत्र्याच्या सांध्यांत आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांपाशी साचून पत्रा पोखरलाय. पुढच्या दोन कोपऱ्यांत तळहाताएवढी भोकं आहेत, बाकी ठिकाणी खड्ड्याखड्ड्यांचा गंज. खालच्या आडव्या चॅनेलवर (तळाच्या पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी दांड्यांवर) हातोडी मारली की खणखणीत आवाज येतो, म्हणजे ते वाचलेत.

ठरवलेलं असं : आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुणं. खड्ड्यांतलं मीठ राहिलं तर वर कितीही भारी रंग लावा, फोड येणारच. मग ग्राइंडरला कप ब्रश (वाटीसारखा तारेचा ब्रश) लावून गंज घासणं, सडका पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून 16 गेज (साधारण दीड मिलिमीटर जाड) पत्र्याचे तुकडे वेल्ड करणं (बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून), दोन हात इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. काम डिसेंबर-जानेवारीत, दुपारी. पावसाळ्यात घासलेला पत्रा तासाभरात लाल पडतो.

अडलंय ते इथे :

खड्ड्यांत फॉस्फोरिक आम्लाचा कन्व्हर्टर (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं रसायन) लावावा का? त्याचा अंश राहिला तर वरचं इपॉक्सी सुटतं असं कळतं. मग झिंक प्रायमर बरा? पण त्याला तर उघडं, स्वच्छ लोखंड लागतं, आणि ब्रशने खड्ड्याचा तळ निघत नाही. दापोली-खेडकडे सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून गंज काढणं) कोणी करतं का?

दुसरं, चॅनेल आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत काय भरता? मला खरी भीती त्याच जागेची आहे.