फायरफॉक्ससाठी लिहिलेले गोपनीयतेचे एक्स्टेंशन क्रोमवर नेताना काय टिकते आणि काय सोडावे लागते?

प्रश्न

नमस्कार. गेली काही वर्षे मी फायरफॉक्ससाठी एक लहानसे एक्स्टेंशन सांभाळत आहे. दुव्यांना चिकटवलेले ‘यूटीएम_सोर्स’, ‘एफबीक्लिड’, ‘जीक्लिड’ यांसारखे माग काढणारे पॅरामीटर पान उघडण्याआधीच काढून टाकणे, एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाताना पाठवला जाणारा रेफरर (आधीच्या पानाचा पत्ता) थांबवणे, संकेतस्थळाचा शेवटचा टॅब बंद झाल्यावर पंधरा मिनिटांनी त्याच्या कुकीज पुसणे आणि वापरकर्त्याने निवडलेली संकेतस्थळे वेगळ्या कंटेनरमध्ये (कुकीज आणि लॉगिन इतरांपासून अलग ठेवणाऱ्या टॅबमध्ये) उघडणे, एवढीच त्याची कामे आहेत. सारा कोड मॅनिफेस्टच्या (एक्स्टेंशनची रचना सांगणाऱ्या फाइलच्या) दुसऱ्या आवृत्तीवर, म्हणजे कायम जाग्या असणाऱ्या पार्श्वभूमीच्या पानावर उभा आहे.

आता क्रोम वापरणाऱ्यांसाठीही ते उपलब्ध करावे असे मनात आहे. दोन्हीकडचे एपीआय (ब्राउझरकडून काम करून घेण्याची ठरलेली साधने) वेबएक्स्टेंशन्स याच घराण्यातले असल्यामुळे ‘ब्राउझर’च्या जागी ‘क्रोम’ लिहिले की बरेचसे काम होईल, अशी माझी समजूत होती आणि ती पहिल्याच दिवशी मोडली. विनंती अडवून तपासणारे वेबरिक्वेस्ट तिथे सामान्य एक्स्टेंशनला मिळत नाही. सर्व्हिस वर्कर (क्रोममध्ये पार्श्वभूमीच्या पानाच्या जागी असलेली, काम नसताना बंद होणारी स्क्रिप्ट) झोपला की कोणत्या टॅबमध्ये कोणते संकेतस्थळ उघडे आहे ही माझी यादी नाहीशी होते. यादीचा प्रश्न मी ती ‘स्टोरेज.लोकल’मध्ये लिहून सोडवला आहे. पत्ता स्वच्छ करण्यासाठी डिक्लरेटिव्हनेटरिक्वेस्टचा, म्हणजे ब्राउझरने स्वतः लागू करायचा, नियम लिहिला, परंतु तो पानातील चित्रांच्या पत्त्यांवर चालतो आणि खुद्द पानाच्या पत्त्यावर चालत नाही.

यातले काय निष्ठेने नेता येईल आणि काय सोडून द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

बाकी सर्व बाजूला ठेवून आधी ‘स्टोरेज.लोकल’विषयी लिहितो, कारण तुम्ही ज्याला उत्तर समजत आहात तीच या स्थलांतरातली सर्वांत गंभीर चूक आहे. टॅब आणि संकेतस्थळ यांची जोडी म्हणजे वापरकर्त्याच्या भ्रमंतीचा इतिहासच होय. फायरफॉक्सच्या आवृत्तीत ती केवळ मेमरीत राहत होती आणि ब्राउझर बंद होताच संपत होती. आता ती डिस्कवर लिहिली जात आहे, आणि खाजगी खिडकीत तुमच्या एक्स्टेंशनला परवानगी दिलेली असेल तर तिथली संकेतस्थळेसुद्धा त्या नोंदीत उतरत आहेत. माग पुसण्यासाठी लोक जे एक्स्टेंशन घेतात त्यानेच नवा माग निर्माण करावा, हे कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका.

यासाठी ‘स्टोरेज.सेशन’ आहे. क्रोमच्या १०२ व्या आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे. त्यातील माहिती मेमरीतच राहते, सर्व्हिस वर्कर झोपून उठला तरी टिकते आणि ब्राउझर बंद झाल्यावर जाते. मर्यादा सुमारे १० एमबी आहे आणि तुम्हाला त्याचा लहानसा अंशही लागणार नाही, कारण पूर्ण पत्ता साठवण्याची गरज नाही. होस्टचे (पत्त्यातील संकेतस्थळाचे) नाव पुरेसे आहे. टॅब बंद झाल्याची सूचना देणाऱ्या ‘टॅब्स.ऑनरिमूव्हड’मध्ये टॅबचा क्रमांक मिळतो, पत्ता मिळत नाही, म्हणून ही यादी ठेवणे अपरिहार्य आहे, हे मान्य.

दुसरी बाब वेळेची. सर्व्हिस वर्कर साधारण ३० सेकंद रिकामा राहिला की बंद केला जातो, त्यामुळे पंधरा मिनिटांचा ‘सेटटाइमआउट’ (कोडमध्ये लावलेला टायमर) कधीच पूर्ण होणार नाही. त्याऐवजी ‘अलार्म्स’ (ब्राउझरने सांभाळलेले टायमर) वापरावे लागतील. मात्र येथेही तोच सापळा दडलेला आहे: प्रत्येक संकेतस्थळासाठी त्याच्या नावाचा वेगळा अलार्म लावणे सोपे वाटते, परंतु अलार्म ब्राउझर बंद झाल्यावरही टिकू शकतात, म्हणजे ते नाव पुन्हा डिस्कवर गेले. एकच निनावी अलार्म ठराविक अंतराने वाजू द्या आणि कोणाची वेळ भरली आहे हे ‘स्टोरेज.सेशन’मधल्या यादीवरून ठरवा.

वेळ भरण्याआधीच ब्राउझर बंद झाला तर ती यादी जाईल आणि कुकीज मागे राहतील. हे टाळण्यासाठी ब्राउझर सुरू होताना, अपवादांच्या यादीत नसलेल्या आणि पुन्हा उघडलेल्या टॅबमध्येही नसलेल्या सर्व संकेतस्थळांची साफसफाई करावी. माझ्या मते हे मूळ आवृत्तीपेक्षाही अधिक काटेकोर होईल, कारण पार्श्वभूमीचे पान मध्येच कोसळले तर काय, याचा विचार जुन्या रचनेत बहुधा कोणीच करत नसे.

आणखी एक: सर्व इव्हेंट लिसनर (घटना घडली की चालणारे कोडचे भाग) फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर, कशाचीही वाट न पाहता नोंदवा. आधी सेटिंग वाचून मग लिसनर लावला, तर ज्या घटनेने वर्करला जागे केले तीच घटना हुकते. हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि म्हणूनच तो शोधण्यात दिवस जातात.

दुसरे उत्तर

तुमचा नियम पानाच्या पत्त्यावर का चालत नाही, याचे कारण साधे आहे. नियमाच्या अटीत ‘रिसोर्सटाइप्स’ (विनंतीचे प्रकार) दिले नसतील तर तो ‘मेन_फ्रेम’ (खुद्द पान) वगळून इतर सर्व प्रकारांना लागू होतो. ‘मेन_फ्रेम’ स्पष्टपणे लिहा.

तरीही पत्ता स्वच्छ करण्याचे काम जसेच्या तसे येणार नाही. ‘रिमूव्हपॅराम्स’मध्ये पॅरामीटरची नेमकी नावे द्यावी लागतात, ‘यूटीएम_’ने सुरू होणारे सर्व काही काढा, असे सांगण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे ज्ञात नावांची यादी करावी लागते आणि उद्या कोणी नवे नाव वापरू लागले तर ती वाढवावी लागते. रेग्युलर एक्स्प्रेशनचे (अक्षरांच्या साच्यांचे) नियम आहेत, पण ते आरई२ या रचनेतले असल्यामुळे पुढे-मागे डोकावून पाहण्याच्या खुणा त्यांत चालत नाहीत आणि असे नियम एक हजारापर्यंतच ठेवता येतात. मूळ पत्ता मधल्या एखाद्या दुव्यात सांकेतिक अक्षरांत गुंडाळलेला असेल, तर तो उलगडून थेट तिकडे नेणेही या नियमांना जमत नाही, कारण ते ती अक्षरे पूर्ववत करू शकत नाहीत. असे दुवे कंटेंट स्क्रिप्टमधून (पानात चालणाऱ्या एक्स्टेंशनच्या कोडमधून), क्लिक होण्याआधीच, पानावरच दुरुस्त करावे लागतात. आणि ईमेलमधून किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून आलेला दुवा या उपायाच्या बाहेर राहतो. वर्णनात हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

रेफररसाठी हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) काढण्याचा नियम आहे आणि तो केवळ परक्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या विनंत्यांना लावता येतो. मात्र हेडर गेले म्हणून पानातील ‘डॉक्युमेंट.रेफरर’ही (पानाच्या कोडला दिसणारा आधीच्या पानाचा पत्ताही) रिकामे झाले असे गृहीत धरू नका. ते स्वतंत्रपणे तपासा.

कंटेनर सोडून द्या. क्रोमच्या एक्स्टेंशनला कंटेनर हाताळणारा ‘कॉन्टेक्स्च्युअलआयडेंटिटीज’सारखा एपीआयच नाही. तेथील प्रोफाइल वेगवेगळी असतात खरी, पण त्यांवर एक्स्टेंशनचे नियंत्रण नसते. त्या बटणाच्या जागी दुसरे काहीतरी मिळतेजुळते ठेवले तर वापरकर्त्याला नसलेल्या संरक्षणाचा भरवसा वाटेल, आणि ते मुळीच संरक्षण नसण्यापेक्षा वाईट आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ‘स्टोरेज.लोकल’मधील चूक वाचून धक्का बसला. ती आवृत्ती अजून कोणाकडे गेलेली नव्हती, आणि आता यादी ‘स्टोरेज.सेशन’मध्ये हलवली आहे. ‘मेन_फ्रेम’ लिहिल्यावर नियमही चालू लागला.

आता कुकीजची अडचण उरली आहे. ज्या होस्टच्या सर्व कुकीज मी शोधून पुसतो, त्याच संकेतस्थळाच्या काही कुकीज क्रोमच्या विकासकांसाठीच्या साधनांत शिल्लक दिसतात. शिवाय दोन ब्राउझरसाठी दोन कोड सांभाळावेत की एकच, हेही ठरत नाही.

तिसरे उत्तर

शिल्लक राहिलेल्या कुकीज बहुधा पार्टिशन केलेल्या असाव्यात, म्हणजे एखादे संकेतस्थळ दुसऱ्याच्या पानात बसवलेले असताना त्या वरच्या पानाशी बांधून ठेवलेल्या. ‘कुकीज.गेटऑल’ त्या आपणहून देत नाही. ‘पार्टिशनकी’ या नावाने रिकामा ऑब्जेक्ट दिला तरच दोन्ही प्रकारच्या कुकीज मिळतात, आणि पुसतानाही ज्या त्या कुकीची ‘पार्टिशनकी’ सोबत द्यावी लागते. हा दोष विशेष घातक आहे, कारण कोणतीही चूक दाखवली जात नाही. काम पूर्ण झाले असेच दिसते. त्याच वेळी हेही पाहा की कुकीज पुसून भागत नाही: लोकल स्टोरेज आणि इंडेक्स्डडीबी या संकेतस्थळांच्या ब्राउझरमधील इतर साठ्यांतही ओळख साठवता येते. ती पुसण्यासाठी ‘ब्राउझिंगडेटा’ वापरताना क्रोम ‘ओरिजिन्स’ (प्रोटोकॉलसह पत्ते) मागतो आणि फायरफॉक्स ‘होस्टनेम्स’ (नुसती होस्टची नावे). शिवाय क्रोममध्ये या मार्गाने कुकीज पुसल्या तर त्या संपूर्ण नोंदणीकृत डोमेनच्या जातात, त्यामुळे वापरकर्त्याने अपवाद म्हणून राखलेल्या उपडोमेनवरील लॉगिनही नाहीसे होऊ शकते. म्हणून कुकीजसाठी ‘कुकीज’ आणि उरलेल्या साठ्यासाठी ‘ब्राउझिंगडेटा’ अशी विभागणी मी पसंत करतो.

कुकीच्या कोठारांची नावेही वेगळी आहेत. फायरफॉक्समध्ये ‘फायरफॉक्स-डिफॉल्ट’ आणि ‘फायरफॉक्स-प्रायव्हेट’, तर क्रोममध्ये नुसते ‘०’ आणि ‘१’. ही नावे कोडमध्ये थेट लिहिली असतील तर खाजगी खिडकीतल्या कुकीज पुसायच्या राहतील.

कोड मात्र एकच ठेवा. फायरफॉक्स मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीतही विनंती अडवणारे वेबरिक्वेस्ट देतो, त्यामुळे तिथले वापरकर्ते काहीही गमावणार नाहीत. आणि दोन्ही ब्राउझरच्या १२१ व्या आवृत्तीपासून एकाच मॅनिफेस्टमध्ये क्रोमसाठी ‘सर्व्हिस_वर्कर’ व फायरफॉक्ससाठी ‘स्क्रिप्ट्स’ असे दोन्ही लिहिता येते. फायरफॉक्सचे पार्श्वभूमीचे पानही या आवृत्तीत कायम जागे नसते, म्हणून स्थिती जपण्यासाठी आता केलेली मेहनत दोन्हीकडे उपयोगी पडेल. नियमांचा भाग तेवढा दोन स्वतंत्र फाइलींत ठेवा आणि ब्राउझरचे नाव न पाहता, हवा असलेला एपीआय उपलब्ध आहे की नाही हे पाहून त्यांपैकी एक निवडा.

चौथे उत्तर

वर न आलेली एक बाब जोडतो, जी गोपनीयतेच्या दृष्टीने लहान नाही. फायरफॉक्समध्ये प्रत्येक ठिकाणी बसवलेल्या एक्स्टेंशनला वेगळा यादृच्छिक ओळखक्रमांक मिळतो. क्रोमच्या स्टोअरमधून आलेल्या एक्स्टेंशनचा क्रमांक सर्वांकडे एकच असतो. तुमच्या ‘वेब_अ‍ॅक्सेसिबल_रिसोर्सेस’मध्ये एखादे चिन्ह किंवा स्टाइलची फाइल सर्व संकेतस्थळांसाठी खुली असेल, तर कोणतेही पान ती मागून पाहू शकते आणि मिळाली की तुमचे एक्स्टेंशन बसवलेले आहे हे ओळखू शकते. गोपनीयतेचे एक्स्टेंशन वापरणारे थोडेच असल्यामुळे तेवढ्यानेही माणूस गर्दीतून वेगळा पडतो. शक्यतो अशी एकही फाइल खुली ठेवू नका. ठेवावीच लागली तर ‘यूझ_डायनॅमिक_यूआरएल’ (फाइलचा पत्ता बदलता ठेवणारी सोय) लावा.

परवानग्यांचाही फेरविचार करावा असे सुचवतो. येथे क्रोमच्या नव्या रचनेविषयी बरीच नाराजी दिसते आणि ती बव्हंशी रास्त आहे, परंतु नुसते अडवणारे नियम संकेतस्थळ वाचण्याच्या परवानगीशिवाय चालतात, म्हणजे एक्स्टेंशनला विनंती दिसतच नाही, हा खरा लाभ आहे. पत्ता बदलणे आणि हेडर काढणे यांसाठी मात्र परवानगी लागते, आणि क्रोममध्ये वापरकर्ता ती कधीही ‘क्लिक केल्यावरच’ इतकी मर्यादित करू शकतो. तसे झाल्यास तुमचे नियम कोणतीही सूचना न देता थांबतील. म्हणून सुरुवातीला आणि परवानगी बदलल्यावर ‘परमिशन्स.कन्टेन्स’ने तपासणी करून चिन्हाचा रंग बदला, म्हणजे संरक्षण बंद असल्याचे वापरकर्त्याला त्याच क्षणी दिसेल.

अपवादांची यादी ‘स्टोरेज.सिंक’मध्ये असेल तर तीही तेथून काढा. माणूस कोणत्या संकेतस्थळांवर लॉगिन ठेवून असतो याची ती यादी आहे, आणि क्रोममध्ये ती त्याच्या गूगल खात्यामार्फत इतर उपकरणांवर जाते. फायरफॉक्सवरून येणाऱ्यांना ती फाइलमध्ये काढून क्रोममध्ये भरता येईल अशी सोय दिली की पुरे.