गीझरच्या कॉइलवरचा थर आणि अकरावीचा भूगोल

बावधनकर:
मुलगी अकरावीत आहे, भूगोल घेतलाय. वहीत जलचक्राचं चित्र एका धड्यात, कार्बनचक्राचं दुसऱ्याच. तिचा प्रश्न : ही दोन चक्रं एकमेकांना भेटतात कुठे? मी कॉमर्सवाला, मान डोलावून सुटलो. प्रकल्पासाठी पुण्यातलंच उदाहरण हवंय. ॲमेझॉनचं जंगल कृपया नको.

टेकडीवाली:
वेताळ टेकडीवर घेऊन जा. पानाच्या ज्या रंध्रातून वाफ बाहेर पडते, त्याच रंध्रातून कार्बन डायऑक्साइड आत जातो. उन्हाळ्यात पाणी वाचवायला झाड रंध्रं मिटतं, की कार्बनही बंद. आणि तिथला पाचोळा पेटवणाऱ्यांना माझ्याकडून दोन शब्द ऐकवा.

मुरूमवाले काका:
उत्तर बरोबर, पण रंध्र बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. मी भूजलाच्या कामात केस पांढरे केले, म्हणून माझं उदाहरण न्हाणीघरातलं. बावधनला उन्हाळ्यात बोअर नाहीतर टँकर असणारच. प्लंबर आला की गीझरची कॉइल काढून मुलीच्या हातात द्या. त्यावरचा पांढरा, खरबरीत थर म्हणजेच दोन्ही चक्रांची भेट.

पाऊस पडता पडता हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो, म्हणून स्वच्छ पावसाचाही सामू (pH) ५.६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. खरा माल मात्र मातीत. मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात, त्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा कैक पट. त्यातून मुरणारं पाणी आणखी आम्लधर्मी होतं आणि खालच्या काळ्या पाषाणाला झिजवत राहतं. आपला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं आणि कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्यात राहतो. तेच पाणी बोअरमधून वर येतं. तापवलं की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, कॉइलवर बसतं. थरावर व्हिनेगर टाका, फसफसेल. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे.

आता तिला विचारा, खडकवासला धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याने एवढा थर का धरत नाही? त्याच्या वरची पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं घाटाच्या कुशीत. तिथला पाऊस उतारावरून धावत धरणात येतो, दगडात मुरायला त्याला सवडच नसते. परीक्षेत लिहायला : या धरणांच्या मुठा नदीचं खोरं ही खुली प्रणाली. पाऊस येतो, नदी आणि बाष्प निघून जातं, सोबत विरघळलेला कार्बनही. अख्खी पृथ्वी मात्र द्रव्याच्या हिशेबाने जवळजवळ बंद.

बावधनकर:
काका, वाचून दाखवलं. लगेच पुढचा प्रश्न : दगडच कार्बन खात असेल तर हवामानबदलाची एवढी ओरड कशाला?

मुरूमवाले काका:
पोरगी हुशार आहे. एक तर, कॅल्शियम कार्बोनेट बसताना बायकार्बोनेटमधला निम्मा कार्बन वायू होऊन परत हवेत जातो, निम्माच अडकतो. शेतात काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे सापडतात, तो असा अडकलेला. दुसरं म्हणजे वेग. आपण कोळसा, तेल, गॅस जाळून वर्षाला ३,५०० कोटी टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खडक झिजून शोषला जाणारा त्याच्या काही टक्के. लाखो वर्षांच्या हिशेबात दगड जिंकतो, आपल्या हयातीत नाही.

कर्वेनगरी:
विषयांतर होतंय, पण पाणी मऊ करणारं मशीन बसवलं तर कॉइल वाचेल ना?

मुरूमवाले काका:
वाचेल. ते मशीन कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतं, म्हणून त्यात मीठ भरावं लागतं. फक्त ते पाणी कुंड्यांना घालू नका, माती बिघडते.