फोर्स्टेराइटच्या चकत्यांना आठवड्यात तडे, एसबीएफचा पीएच ९च्या वर: मॅग्नेशिया कमी घालावं का?

प्रश्न
फोर्स्टेराइट (मॅग्नेशियम सिलिकेटचं सिरॅमिक) बनवायचं आहे. मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) आणि सिलिका (सिलिकॉन डायऑक्साइड) २:१ मोल प्रमाणात, पाण्यात ६ तास बॉल मिल (गोळ्यांच्या फिरत्या भांड्यात दळणं), मग १३ मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या चकत्या, १३५० अंश सेल्सिअसला ४ तास. एक्सआरडीत (कोणते स्फटिक आहेत ते दाखवणारी क्ष-किरण चाचणी) फोर्स्टेराइट मुख्य, पण ४२.९ अंशांच्या कोनावर मॅग्नेशियाचं शिखर आणि ३१ जवळ एन्स्टॅटाइटचं (कमी मॅग्नेशियमचं सिलिकेट). हवेत ठेवलेल्या चकत्यांना आठवड्यात तडे जातात. १० मिली एसबीएफमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण) पीएच ९च्या वर जातो, चकत्या भिजवून काढलेल्या अर्कात पेशी मरतात. मॅग्नेशिया कमी करू का?

उत्तर १
नका करू. दोन्ही एकत्र दिसतात यातच उत्तर आहे. अभिक्रिया पुरी झाली तर मॅग्नेशिया आणि एन्स्टॅटाइट शेजारी टिकत नाहीत, त्यांचं फोर्स्टेराइट होतं. फक्त मॅग्नेशिया उरलं असतं तर प्रमाण जास्त, फक्त एन्स्टॅटाइट उरलं असतं तर कमी. तुमचा दोष मिसळणीत आहे.

पाण्यात दळू नका. मॅग्नेशियाचं हायड्रॉक्साइड होतं आणि वाळताना थर वेगळे होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि झिर्कोनियाचे गोळे घ्या. अॅल्युमिनाचे नकोत, झिजून अॅल्युमिनियम मिसळतं. भरड क्वार्ट्झऐवजी बारीक अस्फटिक सिलिका वापरा, कारण कणाभोवती बसलेल्या फोर्स्टेराइटच्या कवचातून मॅग्नेशियम फार सावकाश सरकतं.

मॅग्नेशिया १००० अंशांना २ तास तापवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं बंद भांडं) थंड करा आणि लगेच तोला. १०० ग्रॅमला मॅग्नेशिया ५७.३, सिलिका ४२.७. २४ तास दळा, सुटी भुकटी १२५० ला भाजा, पुन्हा दळून एक्सआरडी घ्या. ४२.९ चं शिखर जाईपर्यंत दळणं-भाजणं चालू ठेवा, चकत्या त्यानंतरच. मग १४५० ला २ ते ३ तास.

तडेही त्याच उरलेल्या मॅग्नेशियाचे. हवेतल्या ओलाव्याने त्याचं हायड्रॉक्साइड होतं, आकारमान दुपटीहून जास्त होतं.

उत्तर २
वरचं पटतं, पण पीएचचा सगळा दोष मॅग्नेशियावर टाकू नका. शुद्ध फोर्स्टेराइटही द्रवातले हायड्रोजन आयन घेऊन मॅग्नेशियम सोडतं, भुकटी असेल तर झपाट्याने. शिवाय तुमचा द्रव फार कमी आहे. एसबीएफ मिलीमध्ये = पृष्ठफळ चौरस मिमीमध्ये ÷ १०. तुमच्या चकतीचं पृष्ठफळ सुमारे ३४७, म्हणजे ३५ मिली हवं, ३६.५ अंशांना. अॅपेटाइट (हाडातल्यासारखं कॅल्शियम फॉस्फेट) चकतीवर उशिरा आलं तर घाबरू नका, मॅग्नेशियम त्याच्या स्फटिकीकरणाला अडवतं.

पेशींसाठी अर्क १, १/२, १/४, १/८ असा पातळ करून पाहा. सोबत दोन नियंत्रणं हवीतच: पीएच ७.४ वर आणलेला तोच अर्क, आणि मॅग्नेशियम क्लोराइडने तेवढंच मॅग्नेशियम घातलेलं साधं माध्यम. पहिल्यात पेशी जगल्या तर मारक पीएच होता. दुसऱ्यात मेल्या तर मॅग्नेशियमची मात्रा. आयएसओ १०९९३-५ (पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीचं मानक) नुसार जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला की विषारी धरतात. ही नियंत्रणं नसतील तर त्या आकड्यावरून कारण कळत नाही.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. जुन्या चकत्या दळून पुन्हा वापरता येतील का?

उत्तर १
हवेतल्या चालतील. आधी ६०० अंशांना भाजून पाणी घालवा, मग अल्कोहोलमध्ये दळा. एसबीएफमध्ये बुडवलेल्या मात्र घेऊ नका, त्यांच्यावर कॅल्शियम फॉस्फेट बसलेलं असतं.